चाळीस अंशांवर नापास: आमच्या जीसीच्या पीक्यूचा अनुभव

मे महिन्यातली दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. आमच्या जीसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या, पडद्यावर ओव्हनचं तापमान ४०.० दिसत होतं. त्याच ओव्हनमध्ये कॉलमच्या (ज्या बारीक लांब नळीत घटक वेगळे होतात तिच्या) वेटोळ्याजवळ सोडलेला बाहेरचा प्रोब मात्र ४३.१ दाखवत होता. या तीन अंशांनी एप्रिलमध्ये आमचे एकोणीस दिवस खाल्ले होते आणि ते कुठे गेले हे आम्हाला तोवर कळलं नव्हतं. तो आकडा शोधणाऱ्या, आधी कागदावर लिहिणाऱ्या आणि मगच पाना हातात घेणाऱ्या, आमच्या उपकरणाची पीक्यू म्हणजे कामगिरीची तपासणी करायला आलेल्या माणसांच्या कामाबद्दल मला लिहायचं आहे.

मी रबाळे एमआयडीसीत, पारसिकच्या डोंगराच्या बाजूला, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी, बघते. बावीस वर्षं झाली. कळव्याला राहते, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येते. लॅबमध्ये दोन गॅस क्रोमॅटोग्राफ आहेत: एक द्रव इंजेक्शनचा, दुसरा हेडस्पेसचा, म्हणजे व्हायल नावाच्या छोट्या बंद बाटलीत नमुना तापवून त्यावरची वाफ घेणारा. दोन्हींना एफआयडी, म्हणजे ज्योतीवर चालणारा डिटेक्टर. पुरवठादारांची नावं बाहेर लिहायची नाहीत असा आमच्या कंपनीचा नियम आहे, त्यामुळे ज्यांचं कौतुक करते आहे त्यांचंही नाव इथे नाही आणि ज्यांनी निराश केलं त्यांचंही नाही. इतकं सांगते की हे काम करणारे लोक ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले आहेत, एका गाळ्यात बसतात, तिघंच आहेत.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उपकरण विकत घेण्याआधी आपल्याला काय हवं ते ठरवणं म्हणजे डीक्यू, ते आल्यावर नीट बसवलं का हे बघणं म्हणजे आयक्यू, त्याचा एकेक भाग चालतो का हे तपासणं म्हणजे ओक्यू. आणि आपण रोज ज्या कामासाठी ते वापरतो ते काम, रोजच्या परिस्थितीत, ते सातत्याने करतं का हे सिद्ध करणं म्हणजे पीक्यू. नव्या मुलांना मी शेगडीचं उदाहरण देते. बर्नर पेटतो, ज्योत निळी आहे, नॉब फिरतो, इथवर ओक्यू. आपल्या तव्यावर, आपल्या पिठाची भाकरी फुगते का, ते पीक्यू. अमेरिकन फार्माकोपियाच्या १०५८ क्रमांकाच्या प्रकरणात हेच लिहिलंय की पीक्यू प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत झाली पाहिजे. पण वाचणं आणि करणं यात आमच्या धंद्यात बरंच अंतर पडतं, आणि त्याचं एक साधं कारण आहे. कारण वेळेचं आहे.

आमची हेडस्पेसची पद्धत अशी: औषधात उरलेले सॉल्व्हंट मोजायचे. कॉलम डीबी-६२४, ३० मीटर लांब, ०.३२ मिलिमीटर आतला व्यास, १.८ मायक्रॉनची फिल्म. व्हायल ८० अंशांवर साठ मिनिटं तापते. ओव्हन ४० अंशांवर वीस मिनिटं थांबतो, मग मिनिटाला दहा अंशांनी २४० पर्यंत चढतो, तिथे पुन्हा वीस मिनिटं. म्हणजे एका इंजेक्शनला एक तास, वर ओव्हन थंड व्हायला आणखी दहाएक मिनिटं. पीक्यूला सहा इंजेक्शनं घ्यायची म्हटली की सात तास तिथेच गेले. म्हणून बहुतेक सेवावाले स्वतःचा छोटा कॉलम आणतात, १०० अंशांवर स्थिर तापमानाची पाच मिनिटांची पद्धत लावतात, सहा इंजेक्शनं अर्ध्या तासात उरकतात आणि जेवायच्या आधी सर्टिफिकेट छापतात. त्या कागदावर काहीही खोटं नसतं. पण त्याने आमचा कॉलम, आमचं तापमान आणि आमचा हेडस्पेस यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

जानेवारीत आमच्याकडे तेच झालं. आधीची सेवा नऊ वर्षं आमच्याकडे येत होती. सकाळी साडेनऊला आले, ओव्हन १०० आणि २०० अंशांवर तपासला, दोन्ही ठिकाणी उत्तम. सगळीकडे 'पास'. मी सही केली. ती सही माझी होती, आणि १०० अंश हे तापमान आमच्या पद्धतीत ओव्हन ओलांडून पुढे जातो, थांबत नाही, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका बॅचमध्ये अनोळखी पीक, म्हणजे जीसीच्या आलेखावरचा उंचवटा, आलं. मेथनॉलच्या अगदी अलीकडे. सॉफ्टवेअरने त्याला नाव दिलं नाही, कारण मेथनॉलसाठी आखून दिलेल्या वेळेच्या चौकटीच्या ते बाहेर पडत होतं. मेथनॉल मात्र 'आढळले नाही'. प्रक्रियेत मेथनॉल वापरलेलं असताना ते शून्य कसं असेल? औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या क्यू३सी मार्गदर्शिकेत मेथनॉलची मर्यादा ३००० पीपीएम (दहा लाखांत ३००० भाग) आहे, बेन्झीनची फक्त २. अनोळखी पीक अशा एखाद्या कडक मर्यादेच्या सॉल्व्हंटचं असलं तर बॅच गेलीच. आम्ही माल अडवला. चौकशी सुरू केली. नवीन स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण), नवीन व्हायल, दुसरा माणूस, दुसरा सिलिंडर. सकाळी पुन्हा चालवलं की पीक मेथनॉलच्या जागी नीट बसायचं. दुपारनंतर पुन्हा सरकायचं. एकोणीस दिवस आम्ही त्या पीकच्या मागे होतो. शेवटी एका दुसऱ्या लॅबमध्ये जीसी-एमएसवर, म्हणजे घटकाची ओळखही पटवणाऱ्या जीसीवर, ते मेथनॉलच आहे हे सिद्ध झालं, माल सुटला, पण सरकण्याचं कारण कागदावर 'कॉलम जुना झाल्याची शक्यता' इतकंच राहिलं. कॉलम बदलला. तरी दुपारी तेच. मला रात्री झोप लागेना.

तेव्हा तुर्भ्याच्या एका मैत्रिणीने वागळे इस्टेटच्या या लोकांचं नाव सुचवलं.

मी फोन केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, दोन जीसींचा दर काय? पलीकडच्या माणसाने दर सांगितला नाही. त्याने विचारलं, "मॅडम, तुमच्या पद्धती कुठल्या तापमानावर चालतात? सगळ्यात कमी कुठलं, सगळ्यात जास्त कुठलं?" मग कॉलम कुठला, कॅरिअर वायू कुठला, स्प्लिट किती (म्हणजे नमुन्यातला किती भाग कॉलममध्ये न जाता बाहेर सोडतो), दिवसाच्या कुठल्या वेळी काम जास्त असतं. मी दुपारच्या सरकणाऱ्या पीकबद्दल सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग आपण तापमान दुपारी तीन वाजता मोजू. सकाळीही मोजू, पण दुपारचं सोडायचं नाही." इतक्या वर्षांत पीक्यूची वेळ कोणी घड्याळ बघून ठरवलेली मी ऐकली नव्हती.

चार दिवस आधी त्यांनी प्रोटोकॉलचा मसुदा पाठवला. त्यात आमच्याच पद्धतीचे तापमानाचे टप्पे होते: ४०, १०० आणि २४०. प्रत्येक चाचणीची मर्यादा आधी लिहिलेली, आणि आमच्या क्यूएच्या (गुणवत्ता हमी विभागाच्या) सरांची सही झाल्याशिवाय काम सुरू करणार नाही अशी तळटीप. हे महत्त्वाचं आहे. मर्यादा आकडे आल्यावर ठरवली तर ती मर्यादा राहत नाही.

ठरल्या दिवशी दोघं आले, पावणेनऊला. एक पन्नाशीचे, दुसरा सिंधुदुर्गातला तरुण मुलगा. आमच्या लॅबमधल्या मामांनी चहा आणला तर मोठे म्हणाले, "मामा, आधी प्रोब लावून येतो, त्याला बसायला वेळ लागतो." पेटी उघडून त्यांनी प्रत्येक मोजमापाच्या साधनाचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवलं. एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबचं, मुदत संपायला सात महिने बाकी. पीटी-१०० प्रोबच्या प्रमाणपत्रात ४० अंशांजवळ ०.१ ची दुरुस्ती दिलेली होती, आणि ती दुरुस्ती त्यांनी प्रत्येक आकड्याला खरोखर लावली. प्रमाणपत्र फाइलला लावणारे पुष्कळ बघितलेत. त्यातली दुरुस्ती वाचणारे हे पहिलेच.

प्रोब ओव्हनच्या कुठल्याही कोपऱ्यात टांगून ठेवला नाही. न वापरलेल्या दुसऱ्या इंजेक्टरच्या भोकातून तार आत घेतली आणि टोक कॉलमच्या वेटोळ्याच्या मधोमध आणून बसवलं. जिथे कॉलम आहे तिथलं तापमान हवं, भिंतीजवळचं नव्हे. सकाळी साडेनऊला ४० वर आकडा आला ४०.९. आमची मर्यादा अधिक-उणे २ अंश. म्हणजे पास. १०० वर १००.४, २४० वर २४०.८. एवढ्यावर थांबले असते तर आम्ही पुन्हा तिथेच राहिलो असतो.

दुपारी आमच्या लॅबच्या पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येतं. एसी चालू असतो, पण मे महिन्यात खोली २४ वरून २९ पर्यंत जाते. तीन वाजता पुन्हा ४० चा सेटपॉइंट दिला. पडदा म्हणतो ४०.०, 'रेडी'चा दिवा लागलेला, आणि प्रोब ४१, ४२, मग ४३.१. शिवाय तो स्थिर नव्हता, अर्धा-पाऊण अंश वरखाली हलत होता. आमची शिकाऊ मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी त्या आकड्याकडे.

क्यूएचे सर आले. त्यांची अडचण मला समजत होती. पीक्यूमध्ये 'नापास' लिहिलं की डेव्हिएशन, म्हणजे ठरल्याबाहेर घडल्याची नोंद आणि चौकशी, उघडावं लागतं, जानेवारीपासूनच्या सगळ्या निकालांवर प्रश्नचिन्ह येतं. त्यांनी विचारलं, बिघाड दिसतोच आहे तर आधी दुरुस्त करून मग आकडा घेता येईल का? मोठे शांतपणे म्हणाले, "सर, आधीचा आकडा लिहून घेतो. मग पाना लावतो." आणि त्यांनी लिहिला. वेळ, सेटपॉइंट, प्रोबचा आकडा, खोलीचं तापमान, खाली सही. मर्यादेबाहेर. आमच्या सरांनीही त्यावर सही केली, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण ते सोपं नव्हतं.

मग त्यांनी जीसीची मागची बाजू उघडली. ओव्हनला मागे एक फ्लॅप असतो. ओव्हन थंड करायचा असतो किंवा कमी तापमानावर धरून ठेवायचा असतो तेव्हा तो उघडतो, खोलीतली हवा आत येते, गरम हवा बाहेर जाते. त्या फ्लॅपच्या मोटरच्या दांड्यावरचा प्लॅस्टिकचा जोड चिरला होता. फ्लॅप अर्धाच उघडत होता, तोही तिरका. आत येणारी हवेची झुळूक थेट ओव्हनच्या सेन्सरवर पडायची. सेन्सरला वाटायचं, झालं चाळीस. कॉलमपर्यंत ती हवा पोचायचीच नाही, आणि वरच्या २५० अंशांच्या इंजेक्टर-डिटेक्टरची उष्णता तिथे साचून राहायची. १०० आणि २४० वर फ्लॅप बंदच असतो, म्हणून तिथे सगळं ठीक. सकाळी खोली गार, म्हणून तेव्हाही जवळपास ठीक. बिघाड दिसायचा तो फक्त चाळीस अंशांवर, फक्त दुपारी. ज्या वीस मिनिटांत मेथनॉल, इथेनॉल, अ‍ॅसिटोन एकामागून एक बाहेर पडतात नेमकी तीच वीस मिनिटं. कॉलम तीन अंश गरम, म्हणून पीक लवकर. एप्रिलचं सगळं कोडं माझ्यासमोर एका चिरलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात होतं.

तो जोड त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हता. जीसीवर 'वापरू नये' असा लाल टॅग लावून ते द्रव इंजेक्शनच्या जीसीकडे वळले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा नवा जोड घेऊन आला. बसवल्यावर पुन्हा तीन वाजेपर्यंत थांबले. ४०.३, स्थिर. तोही आकडा आधीच्या आकड्याखाली लिहिला. आता आमच्या फाइलला एकाच पानावर दोन ओळी आहेत, दुरुस्तीआधीची आणि दुरुस्तीनंतरची. सप्टेंबरमध्ये ग्राहकाचा ऑडिटर आला तेव्हा त्याने ते पान उघडलं, पुढे डेव्हिएशन वाचलं, जानेवारी ते मे मधल्या ६१ बॅचेसच्या क्रोमॅटोग्रामचं (जीसीच्या आलेखांचं) आम्ही केलेलं पुनरावलोकन वाचलं. आम्ही प्रत्येक क्रमात सुरुवातीला आणि शेवटी स्टँडर्ड लावतो, त्यामुळे पीक सरकलेलं कुठे होतं ते शोधता आलं. चार बॅचेसचे राखून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, चारही मर्यादेत निघाले. ऑडिटरने एकही शेरा दिला नाही.

बाकीच्या चाचण्यांचं थोडक्यात. गॅसचे प्रवाह (मिनिटाला किती मिलिलिटर) डिजिटल फ्लोमीटरने मोजले: हायड्रोजन ४० च्या जागी ३९.२, हवा ४०० च्या जागी ३९४, ठीक. स्प्लिटचा प्रवाह ५० च्या जागी ४५.५ आला, कारण सेप्टम (इंजेक्टरची रबरी चकती) झिजून त्याचे कण लायनरमध्ये, म्हणजे आतल्या काचेच्या नळीत, पडले होते, बदलल्यावर ४९.६. द्रव इंजेक्शनच्या जीसीवर एफआयडीसाठी चौदा, पंधरा आणि सोळा कार्बनच्या अल्केनचं प्रमाणित मिश्रण त्यांनी आणलं होतं, सहा इंजेक्शनांत पीकच्या क्षेत्रफळाचा आरएसडी, म्हणजे आकड्यांमधला सापेक्ष फरक, ०.६ टक्के, मर्यादा २. रिटेन्शन टाइमचा, म्हणजे पीक बाहेर यायला लागणाऱ्या वेळेचा, ०.०४. पाच पातळ्यांवर रेषीयता, बेसलाइनचा नॉइज आणि ड्रिफ्ट, शेवटी कोरं सॉल्व्हंट चालवून आधीच्या इंजेक्शनचं काही मागे राहतं का, हे सगळं झालं आणि त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

हेडस्पेसबद्दल मात्र लिहायला हवं. दुसऱ्या संध्याकाळी, ओव्हन दुरुस्त झाल्यावर, आमच्याच पद्धतीने टोल्युइन आणि मेथनॉलच्या स्टँडर्डच्या सहा व्हायल लावल्या. रात्रभर चालल्या. सकाळी निकाल बघितला तर टोल्युइनचा आरएसडी ११.४ टक्के. आमच्या प्रोटोकॉलची मर्यादा १० होती. मला वाटलं आता हेडस्पेसचा व्हॉल्व्ह किंवा सुई गेली, मोठा खर्च. तो मुलगा उपकरणाला हातही न लावता वापरून झालेल्या व्हायलच्या ट्रेकडे गेला. एकेक व्हायल उचलून झाकण दोन बोटांनी फिरवून बघितलं. सहापैकी दोन झाकणं फिरली. "मॅडम, झाकण फिरलं म्हणजे क्रिम्प ढिला. साठ मिनिटं ऐंशी अंशांवर ठेवलं की वाफ तिथूनच जाते." आमच्या क्रिम्परचा, म्हणजे झाकण दाबून बसवायच्या पकडीचा, स्क्रू सैल झाला होता. त्याने तो घट्ट केला, आमच्या शिकाऊ मुलीच्या हातात दिला आणि दहा रिकाम्या व्हायल तिच्याकडून बंद करून घेतल्या. "ताई, फिरली तर पुन्हा. नाही फिरली, तर आणखी काही बघायची गरज नाही." दुसऱ्या फेरीत आरएसडी २.३. आधीचा ११.४ तसाच अहवालात आहे, कारणासकट. ती मुलगी आता प्रत्येक व्हायल दोन बोटांनी फिरवून बघते, आणि नव्याने आलेल्या मुलालाही तिनेच ते शिकवलं.

संगणकाकडेही त्यांनी बघितलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या संगणकाचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सात मिनिटं मागे होतं. ऑडिट ट्रेलला, म्हणजे कोणी केव्हा काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीला, तारीख-वेळ तिथूनच मिळते. लॉगबुकमध्ये लिहिलेली वेळ आणि ऑडिट ट्रेलमधली वेळ जुळत नसेल तर प्रामाणिक माणसालाही उत्तर देता येत नाही. ते त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं, तरी त्यांनी टीप लिहून दिली आणि आमच्या आयटीच्या माणसाकडून दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. स्वतः हात लावला नाही, हेही योग्यच.

आता तक्रारी, आणि त्या खऱ्या आहेत.

अहवाल उशिरा आला. पाच दिवसांत देतो म्हणाले, चौदाव्या दिवशी मिळाला, तोही माझे तीन फोन झाल्यावर. त्यात एका पानावर दुसऱ्याच कुणाच्या जीसीचा अनुक्रमांक छापला गेला होता. हे मला फार खटकलं. ज्या माणसांनी ०.१ ची दुरुस्ती सोडली नाही त्यांच्या कागदावर परक्या उपकरणाचा क्रमांक यावा, याचा अर्थ जुन्या अहवालावरच नवा लिहिला जातो. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी कारणं दिली नाहीत, चूक मान्य केली, सुधारित प्रत पाठवली आणि आधीची रद्द केल्याची नोंद दिली. पण आकडे घेणारा माणूस आणि टाइप करणारा माणूस यांच्यात तपासणारा तिसरा डोळा त्यांच्याकडे नाही. तिघंच आहेत, आणि ती मर्यादा जाणवते.

दर जास्त आहे. दोन जीसींचे २७,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, फ्लॅपच्या जोडाचे वेगळे. आधीची सेवा १८,००० मध्ये करायची. खरेदी विभागाने मला विचारलं की नऊ हजार जास्त कशाचे. मी त्यांना एप्रिलचे एकोणीस दिवस, गोदामात अडकलेला माल, बाहेरच्या लॅबचं जीसी-एमएसचं बिल आणि उगाच बदललेला नवा कॉलम हे सगळं एका कागदावर मांडून दिलं. त्यांनी पुढच्या वर्षाची ऑर्डर मंजूर केली.

वेळ जास्त लागतो. दोन दिवस म्हणाले होते, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं. ज्यांच्याकडे एकच जीसी आहे आणि रोज माल सुटायचा आहे त्यांना हे जड जाईल. बंद ठेवण्याचे दिवस आधीच उत्पादन विभागाशी बोलून ठरवा. आणि जीसी-एमएस हे लोक करत नाहीत. नायट्रोसामाइनच्या प्रश्नानंतर, म्हणजे २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हल्सार्टन या औषधात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडल्यानंतर, आपल्या भागात पुष्कळ कंपन्यांनी जीसी-एमएस घेतले आहेत. त्यांनी दुसरीकडे बघावं. मी विचारलं तेव्हा मोठ्यांनी सरळ सांगितलं की ते आम्हाला येत नाही. तसं सांगितलं म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाच्या पद्धतींचे सरकारी नियम, डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाल्यापासून आपल्या पट्ट्यातल्या, रबाळे-महापे-तुर्भे-पावणे इथल्या, छोट्या कंपन्यांमध्ये क्वालिफिकेशनच्या कागदांची घाई झाली आहे. मला ओळखीचे फोन येतात, कोणी स्वस्तात आणि लवकर करून देणारं आहे का म्हणून. मी त्यांना हाच अनुभव सांगते आणि एक विनंती करते: सेवावाल्याला फोन केल्यावर दर विचारण्याआधी गप्प बसा आणि तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. तुमच्या पद्धतीचं सगळ्यात कमी तापमान त्याने विचारलं नाही, तर तुम्ही सांगा. तरी त्याने स्वतःचा कॉलम आणायचा म्हटला, तर नको म्हणा. आपल्या कारखान्यातल्या मालाची गोळी कुणाच्या तरी आईच्या पोटात जाणार असते, आणि तिच्यातलं मेथनॉल किती हे आपण ठरवतो तो आकडा चाळीस अंशांवर थांबलेल्या वीस मिनिटांतून येतो.

जाताना त्यांनी एक गोष्ट न मागता सांगितली होती. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतून ओलावा येतो, एफआयडीची बेसलाइन हलायला लागते, म्हणून जूनच्या आधी ओलावा शोषणारा मॉलिक्युलर सीव्हचा ट्रॅप बदला आणि कॉम्प्रेसरचं पाणी रोज काढा. मामांनी ते काम अंगावर घेतलं. जुलैत ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी भरलं, आम्ही अर्धे लोक लॅबमध्ये अडकलो, खोलीत भिंती ओल्या झाल्या होत्या, पण बेसलाइन सरळ होती. मामा सकाळ-संध्याकाळ कॉम्प्रेसरचा नळ उघडून बाटलीत पाणी मोजतात आणि वहीत लिहितात. हे मोजणं आणि लिहिणं त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

मेथनॉलच्या रिटेन्शन टाइमचा तक्ता आम्ही जीसीच्या शेजारी भिंतीवर लावला आहे. रोज दोन ठिपके, सकाळचा एक, दुपारी तीनचा एक. ऑक्टोबरचा उष्मा सुरू झाला तेव्हा मी रोज तो तक्ता बघायला जात होते. दोन्ही ठिपके एकावर एक पडताहेत.

पुढची पीक्यू मे महिन्यात आहे. त्यांनी जानेवारीत सोयीचं पडेल असं सुचवलं होतं, गर्दी कमी असते म्हणून. मी मे महिनाच मागितला, आणि दुपारी तीनची वेळ प्रोटोकॉलमध्ये लिहून घेतली.